एकच्या ठोक्याला थांबणारा बँजो

आमच्या जुन्या घरमालकांचं एक गाणं मी कित्येक महिने अर्धंच ऐकलं. पुढे अजून काहीतरी आहे, हे कळायचं. त्यासाठी गाण्याचं शिक्षण लागत नाही. जिन्यात आणखी एक पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं व्हायचं मला रोज दुपारी.

तेव्हा आम्ही कार्ल्सरूहेजवळच्या एका लहान गावात राहायचो. मुलगा सुमेध कॉम्प्युटरच्या कंपनीत, सूनबाई विद्यापीठात, नात यशू शाळेत, आणि दिवसभर घरात मी. आम्ही पहिल्या मजल्यावर, घरमालक खाली तळमजल्यावर. त्यांच्याही खाली तळघर, तिथे हीटिंगचा बॉयलर, आणि त्या बॉयलरशेजारी खुर्ची टाकून हा उंच, पांढऱ्या मिशांचा म्हातारा रोज सकाळी अकराला बँजो घेऊन बसायचा. आवाज पाइपातून सरळ माझ्या स्वयंपाकघरात. भाजी फोडणीला टाकली की खालून टणटण सुरू.

एक वाजला, चर्चचा ठोका पडला, की बंद. बंद म्हणजे कसं, गाणं जिथे असेल तिथे बंद. हात हवेत असेल तर हवेत. आणि एकला नेमकं तेच एक गाणं चाललेलं असायचं, संथ, झोपाळ्यासारखं. रोज अर्ध्यात तुटायचं.

शेवटी एकदा न राहवून जिन्यात विचारलं. माझं जर्मन तेव्हा बाजारापुरतं, यशू मधे दुभाषी.

"अहो, ते गाणं पूर्ण का नाही करत?"

"एक ते तीन मिट्टाग्सरूहे. दुपारची शांतता. हाउसऑर्डनुंगमध्ये लिहिलंय." हाउसऑर्डनुंग म्हणजे घराचे नियम, दारामागे चिकटवलेले.

"पण ते नियम तुम्हीच लिहिलेत ना?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ते म्हणाले. "म्हणून तर मला पाळायलाच हवेत."

"मग ते गाणं थोडं आधी सुरू करा."

"ते शेवटचं गाणं आहे, फ्राउ आई. शेवटचं शेवटी येतं."

फ्राउ आई म्हणजे मी. घरात सगळे मला आई म्हणतात, तेव्हा हेच बाईंचं नाव असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं. पोस्टाच्या पेटीवरसुद्धा तसंच लिहिलं होतं. सुमेध म्हणाला, बदलून घेऊ. मी म्हटलं, राहू दे, बरं दिसतंय.

आमची ओळखही भांडणातूनच झाली, बरं का. राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी सांगितलं, मी बँजो वाजवतो. मला आनंद झाला. बँजो म्हणजे काय ते आम्हाला सांगायला नको. आमच्या नागपुरात जयंतीच्या मिरवणुकीत बँजो पार्टी असतेच. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, पुढे कर्णा, मागे नाचणारी पोरं. आणि हे गृहस्थ घेऊन आले एक गोल डफ, त्याला लांब दांडा लावलेला.

मी म्हटलं, "हा बँजो नाही."

यशूनं जर्मनमध्ये सांगितलं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना त्यांच्याच घराबाहेर काढलंय. मग मी मोबाइलवर त्यांना आमची मिरवणूक दाखवली. खुर्ची पुढे ओढून बघितली त्यांनी. परत लावायला सांगितली. पुन्हा एकदा परत. मग म्हणाले, "फार मोठा आवाज. फार चांगला. पण हा बँजो नाही."

असं आमचं बरोबरीत सुटलं.

त्यांच्या गावात दर वर्षी मे महिन्यात मोठा महोत्सव भरतो. ब्लूग्रास म्हणून अमेरिकेतलं डोंगरी भागातलं गाणं आहे. बँजो, गिटार, व्हायोलिन, एक छोटं मँडोलिन, आणि माणसाएवढं उंच, उभं धरून वाजवायचं बास. इतक्या वर्षांपासून चालत आलाय हा महोत्सव, की पहिल्या खेपेला कडेवर आलेली मुलं आता आपल्या मुलांना कडेवर घेऊन येतात. बाजारचौकात स्टेज, समोर बाकं, मागे चर्चचा मनोरा. प्रवेश फुकट. अमेरिकेतून मोठ्या टोप्यांची माणसं येतात, चेक पोरं येतात (ती फार जलद वाजवतात, बघूनच दम लागतो), एका वर्षी फिनलंडच्या चौघी बहिणी आल्या होत्या, गाताना एकमेकींकडे बघतही नसत आणि सूर मात्र एकीचाच वाटे.

मला पहिल्याच दिवशी त्यांची एक गोष्ट आवडली. सगळ्यांमध्ये एकच माइक. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, वाजवतो, मागे होतो, दुसरा त्याच्या काखेखालून पुढे येतो. धक्का नाही, बोलणं नाही. आम्ही विहारात गायन पार्टीत भीमगीतं गायचो तेव्हा आमचंही असंच. भाड्यानं आणलेला एक माइक आणि आम्ही सगळ्या बाया. कोरसवाल्यांनी कधी मागे व्हायचं हे पदर बघून कळायचं. म्हणजे हे मला नवीन नव्हतं.

महोत्सवाचे निम्मे कलाकार आमच्या माळ्यावर उतरायचे. घरमालकांनी त्यांच्यासाठी इंग्रजीत वेगळी हाउसऑर्डनुंग लावली होती: बूट काढा, एक ते तीन वाद्य नको, रिकाम्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या करा. एका अमेरिकन व्हायोलिनवाल्यानं तपकिरी बाटली हिरव्या बाटल्यांत टाकली. त्याचा कार्यक्रम अर्ध्या तासावर आला होता, तरी यांनी त्याला परत बोलावलं, बाटली काढायला लावली, आणि मग स्वतः गाडीतून स्टेजपर्यंत सोडून आले. तो बिचारा दुसऱ्या दिवशी माझ्याकडे झुणका-भाकरी खाताना विचारत होता, "आंटी, हा माणूस रागावलेला असतो की आनंदात?" मी म्हटलं, "बाबा, दोन्हीला त्यांचा चेहरा एकच आहे."

आता टाळीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या टाळीवर आहे.

घरमालकांचा स्वतःचा चौघांचा ताफा होता. गिटारवर गावातले निवृत्त दाताचे डॉक्टर, ते म्होरके. बासवर बेकरीवाल्या बाई. मँडोलिनवर एक पोस्टमन. रविवारी सकाळी शेवटचा तास यांचा, बारापर्यंत. बाराला चर्चची मोठी घंटा बराच वेळ वाजते, आणि घंटा वाजू लागली की स्टेजवर ज्याचं जे चाललं असेल ते थांबवायचं, असं चर्चशी पहिल्यापासून ठरलेलं. घंटा संपेपर्यंत पुढची मंडळी येऊन उभी राहतात. त्यामुळे काय व्हायचं, यांचं ते शेवटचं गाणं इथेही अर्ध्यातच तुटायचं. दर वर्षी! लोक हसायचे, तुटलं की टाळ्या वाजवायचे. त्या गाण्याचा शेवट त्या चौघांशिवाय गावात कुणी ऐकलेला नव्हता.

तर पहिल्या वर्षी मी पहिल्या रांगेत, निळी साडी नेसून. गाणं रंगलं, मी टाळी धरली. सगळ्यांनीच धरली. आणि घरमालकांनी हात वर केला. "हाल्ट!"

सगळं थांबलं. ते माइकशी आले आणि त्यांनी बोट केलं ते सरळ माझ्याकडे. "साडीतल्या बाई! आणि त्यांच्या मागचे सगळे! चार ठोक्यांतल्या एक आणि तीनवर टाळी वाजवता? हे लष्कराचं संचलन आहे का?"

लोक हसले. यशू बाकाखाली जायची बाकी होती. नंतर कळलं की हे दर वर्षीचं आहे, माणूस गाणं थांबवून पब्लिकला रागावतो आणि पब्लिक त्यासाठीच येतं. पण तेव्हा माझ्या अंगाची लाही झाली. उभं आयुष्य गायन पार्टीत काढलेल्या बाईला ताल शिकवतो हा!

दुसऱ्या दिवशी बेकरीतला सफरचंदाचा केक घेऊन वर आले. माफी वगैरे काही नाही. केक टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उभ्या राहा."

"का?"

"पाय आपटा. पाय खाली, तेव्हा हात गप्प. गुडघा वर आला, की टाळी. टाळी गुडघ्याची आहे, फ्राउ आई, पायाची नाही."

सूनबाई विद्यापीठातून आली तेव्हा स्वयंपाकघरात आम्ही दोघं म्हातारे गुडघे वर करून टाळ्या पिटत होतो. ती दारातच थांबली. "आई, डॉक्टरांनी गुडघ्याला आराम सांगितलाय ना?"

मला मात्र कळलं होतं. आमच्याकडे खंजिरीवाली मधेच झटका द्यायची, नेमकी तिथे हा माणूस टाळी मागत होता. मी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग त्या खंजिरीवाल्या बाई तुमच्यापेक्षा हुशार होत्या." मी म्हटलं, "ती माझी जाऊ होती, आणि हे तिला कळता कामा नये."

असे दिवस छान चालले होते. मग एका मार्च महिन्यात, महोत्सवाला थोडे आठवडे उरलेले, एकचा ठोका पडला आणि खाली बँजो चालूच राहिला.

मी पोळी लाटत होते. हात थांबला. मला वाटलं, घंटाच चुकली. घड्याळ बघितलं. एक वाजून गेलेला. आणि खाली ते संथ गाणं चालू. मग अर्ध्यात परत मागे गेलं, पुन्हा पहिल्यापासून. तुम्ही म्हणाल, आईंना आनंद व्हायला हवा होता. मला भीती वाटली. जो माणूस घाईत असलेल्या पाहुण्याला बाटली उचलायला परत बोलावतो, तो मिट्टाग्सरूहे मोडेल?

खाली गेले. तळघराचं दार उघडंच होतं, पाठमोरे बसले होते. "अहो," म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. वळले नाहीत. बँजोची कड त्यांनी हनुवटीला गच्च दाबून धरली होती, हाडातून आवाज यावा म्हणून. मी पुढे जाऊन समोर उभी राहिले तेव्हा दचकले. माझ्याकडे बघितलं, मग वरच्या झरोक्याकडे, जिथून घंटेचा आवाज येतो.

"वाजला एक?"

मी मान हलवली.

मग हळूहळू, मला कळेल अशा सोप्या जर्मनमध्ये सांगितलं. कान दोन वर्षांपासून जात चाललेत. मशीन लावून बघितलं, पण त्यातून बँजो म्हणजे कुणीतरी चमच्यांचा खण जिन्यावरून लोटून दिल्यासारखा. मागच्या वर्षी स्टेजवर वाजवताना ते तालाच्या पुढे पळाले होते, बाकीचे मागे राहिले. गिटारवाले डॉक्टर म्हणालेत, या वर्षी पुन्हा असं झालं तर त्या चेक पोरांतल्या एका मुलाला घेऊ.

"सांगून टाका ना त्यांना." मी समोर, ओठ दिसतील अशी उभी राहून म्हटलं.

"सांगितलं तर काय होईल? मला समोर बाकावर बसवतील. आणि मी टाळ्या वाजवीन." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एक आणि तीनवर."

मी कुणाला सांगितलं नाही. सुमेधलासुद्धा नाही. पण मे जवळ येऊ लागला तशी मला झोप लागेना, जणू मलाच वाजवायचं होतं.

रविवार उजाडला. ऊन चांगलं होतं. मी तीच निळी साडी नेसून पहिल्या रांगेत. पहिली गाणी निभावली. बेकरीवाल्या बाईंच्या हाताकडे ते डोळे लावून होते, तारेवर बोट पडताना दिसायचं त्यांना. माझा जीव मुठीत. मग ते शेवटचं गाणं आलं. त्यांनी पाऊल पुढे टाकलं, माइकशी आले आणि डोळे मिटले. ते गाणं डोळे मिटूनच वाजवायचे.

आणि बाराची घंटा सुरू झाली.

गिटार थांबली. मँडोलिन थांबलं. बाईंनी बासच्या तारेवर हात ठेवला. दर वर्षीसारखे लोक हसायला तयार होऊन बसले. आणि माइकपुढे एकटा बँजो चालूच.

एक क्षण लोकांना वाटलं, गंमत आहे. पण गंमत करणारे हे गृहस्थ नव्हेत, हे गावाला माहीत होतं. हसू विरायला लागलं. लोक एकमेकांकडे बघू लागले. डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी हात पुढे केला, खांद्याला हात लावून यांना थांबवायला. मला दिसलं पुढे काय होणार ते. हे डोळे उघडणार, तिघांचे हात थांबलेले दिसणार, सगळं गाव टक लावून बघत असणार, आणि आपण कधीपासून एकटेच वाजवतोय हे त्यांना सगळ्यांसमोर कळणार.

मी उभी राहिले. हात डोक्याच्या वर नेले आणि टाळी वाजवली. पाय खाली, हात गप्प. गुडघा वर, टाळी. एकटीच. साडीतली म्हातारी, गुडघे उचलत. यशू ओरडली, "ओमा, नाइन!" म्हणजे आजी, नको! मी कशाला ऐकते!

मग माझ्या शेजारच्या आजोबांनी धरली. मग मागच्या रांगेनं. आणि मग सगळ्या चौकानं. काय सांगू, एकाचीही टाळी चुकीची नव्हती. इतकी वर्षं ज्या लोकांना या माणसानं गाणी थांबवून थांबवून झापलं होतं, ते सगळेच्या सगळे बरोबर गुडघ्यावर वाजवत होते. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत पोचलाच नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, लोकांकडे बघितलं, आणि हात परत गिटारवर नेला. बास आलं. मँडोलिन आलं. वरून घंटेचा नुसता गदारोळ, कुणाचाही ठेका सुटावा असा. न गोंधळता वाजवणारा तिथे एकच माणूस होता, ज्याला ती ऐकूच येत नव्हती.

आणि गाणं संपलं. म्हणजे पूर्ण संपलं. शेवट अगदी साधा होता, बरं का. जिथून सुरू झालं तिथेच खाली येऊन बसलं, जशी गाय संध्याकाळी आपल्या दावणीला येते.

त्यांनी डोळे उघडले. सगळे उभे, हात वर. खूश झाले. आणि मग त्यांची नजर लोकांच्या डोक्यांवरून वर गेली. मनोऱ्याच्या कमानीत घंटा हलताना दिसते खालून. ती हलत होती. आम्हाला कान किटेपर्यंत ऐकू येत होती, त्यांना नुसती हलताना दिसत होती.

टोपी काढली त्यांनी. घंटा थांबेपर्यंत तसेच मनोऱ्याकडे बघत उभे राहिले. मग माइकशी वाकले, चर्चकडे बघून म्हणाले, "एंटशुल्डिगुंग." माफ करा. लोक पोट धरून हसले. मला हसता आलं नाही.

स्टेजमागे त्यांनी तिघांना स्वतःच सांगितलं. मी तिथेच होते, पाण्याच्या बाटल्या घेऊन. पोस्टमननं खाली बघितलं. आणि बेकरीवाल्या बाईंनी स्वतःची टोपी यांच्या खांद्यावर हाणली. "दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस मला म्हणतोय, तू हळू वाजवतेस! मी ठोके मोजायचा मेट्रोनोम विकत घेतला, गाढवा!"

मग त्या रडायलाच लागल्या. ते त्यांच्यासमोर उभे, आपली काढलेली टोपी परत डोक्यावर घालावी की नाही, कळत नव्हतं त्यांना.

शेवटी ठरलं ते त्यांनीच ठरवलं. म्हणाले, जलद गाणी चेक मुलाला. शेवटचं गाणं माझं. ते वाजवताना बास अगदी त्यांच्या पाठीला टेकवून उभं करायचं, म्हणजे ठोका अंगात जाणवतो. जलद गाणी सोडताना त्यांना काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. पण त्या आठवड्यात बाटल्यांचे डबे त्यांनी घासून पुसून परत एकदा लावले, रंगाप्रमाणे.

तळघरातला प्रश्न मात्र उरलाच. एक वाजलेला कळणार कसा? मी म्हटलं, मनगटावर घड्याळ बांधा. "घड्याळ बघून बँजो वाजवायचा? मी काय आगगाडी आहे?" मग मीच युक्ती काढली. माझ्या स्वयंपाकघरातला हीटिंगचा पाइप सरळ त्यांच्या खुर्चीजवळून जातो. एक वाजला की मी लाटण्यानं पाइपावर ठोका द्यायचा, ते चपलेचा पाय पाइपाला लावून बसणार. बघितलं करून. जाणवला. त्यांनी हाउसऑर्डनुंगमध्ये पेननं तशी ओळ वाढवली.

पहिले काही दिवस मी घड्याळाबरोबर ठोका दिला. मग एक दिवस लाटणं उचललं आणि ते गाणं नेमकं अर्ध्यावर होतं. म्हटलं, थांबावं जरा. गाणं खाली आलं, बसलं, मग ठोका दिला. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग तो रिवाजच झाला.

काही दिवसांनी जिन्यात भेटले. "फ्राउ आई, हल्ली एक जरा उशिरा वाजतो."

"जा," मी म्हटलं. "चर्चचं घड्याळ जुनं झालंय."

त्यांनी आपल्या रिकाम्या मनगटाकडे निवांत बघितलं. "गेनाऊ," म्हणाले आणि खाली गेले.

सुमेधला इंगोलश्टाटला गाड्यांच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा आम्ही ते घर सोडलं. आता इथे खाली कुणी काही वाजवत नाही. दुपारी पोळ्या करताना घर फार गप्प वाटतं. निघताना मी ते लाटणं तिथेच पाइपाजवळ खिळ्याला अडकवून आले. नवी भाडेकरू, एक पोर्तुगीज नर्स, चांगली मुलगी, तिला सगळं समजावून सांगितलं. ती दारामागची हाउसऑर्डनुंग वाचत होती.

"पण इथे लिहिलंय, बरोबर एक वाजता."

मी म्हटलं, "ते त्यांच्यासाठी आहे. तू गाणं संपू दे, मग ठोक."